बोटीचा नंबर काय होता?

मॉरिशसमधल्या माएबूरच्या पोलीस ठाण्यात मला तीन प्रश्न विचारले गेले. बोटीचा नंबर काय होता? बोट चालवणाऱ्याचं नाव काय? पावती आहे का? तिन्हींना माझ्याकडे उत्तर नव्हतं. समोरच्या पोलिसाने तक्रारीच्या कागदावर त्या तीन जागा मोकळ्या सोडल्या आणि तो पुढचं लिहायला लागला.

सांगलीत माझा छापखाना आहे. सव्वीस वर्षं मी लोकांची बिलबुकं, पावतीपुस्तकं, चलनं छापतोय. रकाना मोकळा राहिला की त्या कागदाचा पुढं उपयोग होत नाही, हे मी गिऱ्हाइकाला समजावून सांगत असतो. त्या मोकळ्या जागा बघताना मला फार वाईट वाटलं. गेलेल्या पैशांपेक्षाही त्याचं जास्त वाटलं. आज हे लिहायला बसलोय ते दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशसला, मालदीवला, थायलंडला निघालेल्या घरांसाठी. आमच्या बाबतीत जे झालं ते पाण्यातल्या कुठल्याही खेळात, कुठल्याही किनाऱ्यावर होऊ शकतं.

ऑगस्ट 2024. लग्नपत्रिकांचा आणि शाळांच्या वह्यांचा हंगाम संपलेला, गणपतीच्या पावतीपुस्तकांची कामं हातावेगळी केलेली. मी, बायको, बारावी झालेली मुलगी, धाकटा भाऊ आणि भावजय असे पाच जण निघालो. मॉरिशस निवडलं कारण आपल्याला तिथं व्हिसासाठी धावपळ करावी लागत नाही, विमान मुंबईहून सरळ जातं, आणि तिथं आपली मराठी माणसं आहेत, त्यांच्या गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे लहानपणापासून ऐकून होतो.

मुलीच्या डोक्यात एकच गोष्ट होती, पाण्याखालची स्कूटर. हातात धरायचं छोटं यंत्र असतं. बटण दाबलं की त्यातला पंखा पाणी मागं फेकतो आणि यंत्र माणसाला पुढं ओढत नेतं. तोंडावर मास्क, श्वासाची नळी, आणि खाली उथळ निळ्या पाण्यात प्रवाळ आणि मासे. तिने व्हिडिओ दाखवला तेव्हा मलाही हौस वाटली. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

व्हॉट्सअॅपवर प्रवासाच्या आवडीचा एक मराठी ग्रुप आहे. त्यावर एका एजंटची जाहिरात होती. ब्लू बे मरीन पार्क, माणशी एक स्कूटर, पाण्यात पंचेचाळीस मिनिटं, दोन माणसांमागं एक गाईड, फोटो-व्हिडिओ फुकट, विमा धरून माणशी 4,500 रुपये. फोन केला तर माणूस गोड बोलणारा. "दादा, काळजीच करू नका, तिथं आपलाच माणूस आहे. वहिनींना पोहता येत नसलं तरी चालतंय, गाईड हात धरून फिरवतोय." आमच्याकडच्याच बोलीत. पाच जणांचे 22,500. त्यातले 9,000 अॅडव्हान्स मी यूपीआयने भरले. नाव एका व्यक्तीचं आलं, कंपनीचं नाही. ते मी पाहिलं आणि तरीही पिन टाकला. ब्लू बेचं नाव खरं होतं. ते 353 हेक्टरचं सागरी उद्यान आहे, 2000 साली घोषित झालेलं, 2008 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. मी ते सगळं वाचून काढलं होतं. जागा खरी आहे एवढी खात्री केली आणि माणूसही खरा असेल असं धरून चाललो.

ठरलेल्या दिवशी सकाळी गाडी आली. आपल्याकडं ऑगस्ट म्हणजे पावसाळा, तिथं तो हिवाळा, आणि त्या दिवसांत आग्नेयेकडून वारा सतत वाहतो. ब्लू बे बेटाच्या त्याच बाजूला आहे. गाडीवाला म्हणाला, आज तिथं वारा फार आहे, दुसरीकडं नेतो, जास्त छान जागा आहे. वारा होता हे खरं. पण त्याने नेलं ते त्याच किनाऱ्यावर, दोन-तीन किलोमीटर अलीकडं, त्याच वाऱ्यात. खरंच वाऱ्याची काळजी असती तर बेटाच्या वायव्येला, आडोशाच्या किनाऱ्यावर नेलं असतं किंवा दिवस बदलला असता. उद्यानात परवान्याशिवाय धंदा करता येत नाही, म्हणून बाहेर नेलं, असं आता मला वाटतं. तिथं प्रवाळ नावालाच होतं. वाळू, समुद्री गवत आणि मधूनमधून मेलेल्या प्रवाळाचे तुकडे.

किनाऱ्यावर दोन माणसं आणि एक पांढरी बोट. बोटीच्या पुढच्या कडेवर एक मोठा निळा टॉवेल वाळत घातलेला. त्या टॉवेलकडं त्या वेळी कुणाचं लक्ष गेलं नाही. परवाना असलेल्या बोटीवर नोंदणीचा नंबर ठळक रंगवलेला असतो. आमच्याकडच्या सगळ्या फोटोंत टॉवेल बरोबर त्या जागेवर आहे.

पाण्यात उतरण्याआधी पैशांचा विषय निघाला. राहिलेले 13,500 द्यायला मी पाकीट काढलं तर तो माणूस हसून म्हणाला, हे मॉरिशसचे रुपये. तिथल्या चलनालाही रुपयाच म्हणतात, आणि तेव्हा त्यांचा एक रुपया आपल्या एक रुपया ऐंशी पैशांच्या आसपास होता. म्हणजे माणशी 4,500 चे झाले आठ हजारांच्या वर. एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, मी कधी इंडियन म्हणालो?" मेसेज पुन्हा वाचला. खरंच, 'रुपये' एवढंच होतं. जीएसटीच्या एका आकड्यासाठी मी अख्खं बिलबुक परत छापतो, आणि इथं दरापुढं देश लिहिलेला नव्हता हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. मुलगी वेटसूट घालून उभी, भावजय म्हणाली, एवढ्या लांब आलोय तर आता माघारी कशाला. अॅडव्हान्सच्या आपल्या 9,000 चे त्याने त्यांचे पाच हजार धरले आणि उरलेले साडेसतरा हजार मॉरिशियन रुपये आम्ही रोख मोजले. आपले जवळजवळ बत्तीस हजार. पावती मागितली तर, "एजंट पाठवेल."

मग डिपॉझिट. स्कूटर महाग असते, म्हणून कार्डावर 300 युरो फक्त अडकवून ठेवायचे, परत आलात की सुटतील. हॉटेलमध्ये तसं करतात हे माहीत होतं, म्हणून कार्ड दिलं. स्लिप हातात आली ती घडी घालून खिशात टाकली. रात्री खोलीवर उघडली तेव्हा त्यावर 'सेल', म्हणजे थेट विक्री, असं छापलेलं होतं. रक्कम नुसती अडकवली असती तर स्लिपवर 'प्री-ऑथ' किंवा तशा अर्थाचं काही आलं असतं. वर दुकानाचं नाव होतं ते एका भेटवस्तूंच्या दुकानाचं. छापलेला कागद वाचणं हे माझं रोजचं काम आहे, आणि तो एक कागद मी वेळेवर वाचला नाही.

आता पाण्यातलं सांगतो, कारण पैशांपेक्षा ते महत्त्वाचं आहे.

पाच जणांत स्कूटर दोन. गाईड म्हणवणारा माणूस पाण्यात उतरलाच नाही. त्याने बोटीवरून बटण कुठलं ते दाखवलं, दोन मिनिटांत शिकवणं संपलं. बायको आणि भावजय लाइफ जॅकेट घालून बोटीची शिडी धरून राहिल्या. पहिली पाळी भावाची आणि मुलीची.

भाऊ कृष्णेत पोहत मोठा झालेला, अंगात चांगला दम असलेला. स्कूटरने तो वाऱ्याच्या आणि ओढीच्या दिशेने निघाला. परतीचा विचार सुरुवातीला कुणी करत नाही. लगूनमधलं, म्हणजे किनारा आणि प्रवाळाची भिंत यांच्यामधलं पाणी बाहेरून बघणाऱ्याला तळ्यासारखं वाटतं, पण ते तळं नसतं. लाटा प्रवाळाच्या भिंतीवरून आत पाणी टाकत राहतात आणि ते सगळं पाणी भिंतीतल्या खिंडीतून बाहेर जातं. खिंडीच्या जवळ जावं तशी ओढ वाढते. स्कूटर माणसाला पोहण्याच्या वेगापेक्षा पुढं नेते, म्हणजे दहा मिनिटांत तुम्ही अशा ठिकाणी असता जिथून अंगच्या ताकदीने परत येणं अवघड. म्हणून जाणता गाईड आधी वाऱ्याच्या उलट दिशेने नेतो, म्हणजे बॅटरी संपली तरी पाणी तुम्हाला बोटीकडं आणतं. भावाची बॅटरी दहाव्या-बाराव्या मिनिटाला बंद पडली. दिवा शेवटपर्यंत हिरवा होता म्हणे. जुन्या बॅटरीचं असंच असतं. छापखान्यातला इन्व्हर्टर पूर्ण चार्ज दाखवतो आणि मशीन सुरू केलं की बसतो.

त्याने स्कूटर हातातून सोडली तर ती बुडायला लागली. ही यंत्रं तरंगावीत म्हणून त्यांना हवेचा कप्पा असतो. त्यात पाणी शिरलेलं असावं. डिपॉझिटच्या भीतीने त्याने ती सोडली नाही. एका हातात बंद यंत्र, एका हाताने वाऱ्याविरुद्ध पोहणं. बोटीवरून मला त्याच्या नळीचं केशरी टोक दिसत होतं, मग लाटेआड जायचं, मग दिसायचं. मी त्या माणसाला ओरडून सांगितलं, बोट काढ. तो म्हणाला, मुलगी पाण्यात आहे, बोटीचा पंखा सुरू करता येत नाही. ते बरोबरच होतं. म्हणूनच पाण्यात दुसरा माणूस लागतो. शेवटी एका मासेमाऱ्याने आपली होडी वळवली आणि भावाला कडेला धरून ओढत आणलं. तो बोटीवर चढला तेव्हा ओठ निळे, दात वाजत होते. पहिलं वाक्य काय बोलला, तर "दादा, स्कूटर सोडली नाही." मी आजही ते वाक्य विसरू शकलेलो नाही. तीनशे युरोंसाठी माझा भाऊ त्या ओझ्याला धरून राहिला होता.

तेवढ्यात मुलगी वर आली ती उजवा कान दाबून, रडतच. तिला दिलेला मास्क पूर्ण चेहरा झाकणारा होता. दिसायला तो सोयीचा वाटतो, नाकाने श्वास घेता येतो. पण तो पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत बघण्यासाठी आहे. खाली जाताना पाण्याचा दाब कानाच्या पडद्यावर येतो. दहा मीटरला हवेच्या दाबाइतका आणखी एक दाब वाढतो, म्हणजे दोन-तीन मीटरलाच कान दुखायला लागतो. तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं असतं, कान मोकळा होतो. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कमध्ये नाक आत काचेमागं असतं, चिमटीत धरताच येत नाही. स्वतः पोहत खाली जाणारा माणूस हळू जातो, दुखलं की थांबतो. स्कूटरचं टोक खाली केलं की क्षणात तीन-चार मीटर. स्कूटर आणि तो मास्क एकत्र देणं हाच गुन्हा आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. सांगलीला आल्यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पडद्यामागं रक्त साकळल्याचं सांगितलं. फाटला नव्हता, हे आमचं नशीब.

मी मुलीला जवळ घेऊन बसलेलो, आणि तो माणूस भावाची स्कूटर उलटी करून पुढची जाळी दाखवायला लागला. चीर पडली होती, बोटभर लांब. "तुम्ही आपटलीत. डिपॉझिट जाणार."

मी ती चीर हाताने चाचपली. नवीन फुटलेल्या प्लॅस्टिकची कड पांढरी आणि नखाला बोचेल अशी असते. या चिरेच्या कडा बोथट झाल्या होत्या, आत बारीक वाळू घट्ट बसली होती आणि तळाशी हिरवट शेवाळाची रेघ होती. मशीनचा कुठला भाग काल तुटला आणि कुठला वर्षभरापूर्वी, हे मी रोज बघतो. त्याला ते दाखवलं. तो माझ्याकडं न बघता दोर गुंडाळत राहिला. त्या क्षणी कळलं की ही चीर रोज कुणाच्या तरी नावावर लागत असणार. पैसे तर आधीच घेतलेले होते, भांडण होईल ते फक्त आपल्या तोंडचं. आणि आपल्याबरोबर रडणारी मुलगी आणि थंडीने कापणारा भाऊ असला की माणूस भांडत नाही, हेही त्यांना माहीत असणार.

किनाऱ्यावर सोडून ते निघून गेले. न्यायला गाडी आली नाही.

रस्त्यावर जी टॅक्सी थांबली तिचा चालक सत्तरीकडं झुकलेला. मुलीला "रडू नको बाळा" म्हणताना त्याचे मराठी शब्द ऐकून बायकोला भरून आलं. त्याचे पणजोबा कोकणातून ऊस तोडायला आलेले. बोलायला तिथली क्रिओल भाषा, पण गणपतीची आरती तोंडपाठ. फसवणारा मराठीच बोलत होता आणि सावरणाराही. त्याने आधी वाटेत थांबवून आम्हाला गरम दालपुरी खायला घातली, आपल्या पुरणपोळीची तिखटामिठाची बहीणच ती, आणि मग स्वतःहून पोलीस ठाण्यात नेलं. जाताना तो त्या समुद्राबद्दल बोलत होता. 25 जुलै 2020 ला वाकाशिओ नावाचं जहाज तिथल्याच पॉइंट देस्नीच्या प्रवाळावर चढलं, काही दिवसांनी त्यातून तेल गळायला लागलं, तेव्हा गावच्या लोकांनी कापडाच्या पिशव्यांत उसाचं पाचट भरून लांबच लांब वळ्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. तो आणि त्याचे नातूही शिवत होते. ज्यांनी पाचटाने समुद्र वाचवला त्यांच्याच किनाऱ्यावर असली माणसं धंदा करतात, याची त्याला आमच्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. त्याने भाडं घेतलं नाही.

पोलीस ठाण्यातलं वर सांगितलंच. तिथं वागणूक चांगली होती. पण ते तरी काय करणार? पर्यटकांना पाण्यात नेणाऱ्या बोटींना तिथल्या पर्यटन प्राधिकरणाचा परवाना लागतो, नंबरवरून मालक काही वेळात सापडतो. आमच्याकडं नंबरच नव्हता. होता तो टॉवेलचा फोटो.

परत आल्यावर बँकेत कार्डाच्या व्यवहारावर हरकत घेतली. दोन वेळा अर्ज केला, दोन्ही वेळा नामंजूर. कारण सरळ आहे. चिप आणि पिन वापरून मी स्वतः मंजूर केलेला व्यवहार, त्यामुळं तो चोरीचा धरत नाहीत. आणि सामान मी तोडलं नाही याचा पुरावा काय? पाण्यात उतरण्याआधी त्या स्कूटरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, चारही बाजूंनी, त्या माणसाचा आवाज आणि चेहरा येईल असा, काढला असता तर कदाचित निकाल वेगळा लागला असता. कुणाला जायचंच असेल तर एवढं नक्की करा, भाड्याच्या दुचाकीचंही तसंच करा. अॅडव्हान्सबद्दल 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तो फोन तासाभरात करायचा असतो, पैसे खात्यातून पुढं जायच्या आत. आम्ही केला दहाव्या दिवशी. तक्रार नोंदल्यावर एजंटने चार हजार परत पाठवले आणि ग्रुपवर लिहू नका अशी विनंती केली. बाकी गेले. एकूण हिशोब चौसष्ट हजारांच्या पुढं जातो.

माझा पाण्यातल्या खेळांवर राग नाही. मुलीने पहिल्या दोन मिनिटांत पाहिलेल्या पोपटमाशाचं वर्णन ती अजून करते. नीट चालवणारी माणसं तिथं असणारच, आणि टॅक्सीवाल्याने सांगितलं ते मी त्यांच्या ओळखीसाठी वापरतो. ते आधी तुम्हाला विचारतात, पोहता येतं का, कानाचा त्रास आहे का, दमा आहे का. वारा वाढला तर स्वतः रद्द करतात आणि पैसे परत देतात. गाईड तुमच्या आधी पाण्यात असतो. दर लिहून देतात आणि त्यापुढं चलन लिहितात. पावतीवर त्यांच्या धंद्याचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. आमच्या एजंटने मला एक प्रश्न विचारला होता, "किती माणसं?" एवढाच.

मुलीचा कान सहा आठवड्यांत बरा झाला, ऐकण्याची तपासणी व्यवस्थित आली. भावाशी या विषयावर मी फारसं बोललो नाही. फक्त एकदा त्याला सांगितलं की पुन्हा कधी असं झालं तर हातातलं सोडून द्यायचं.

काल त्या एजंटचं स्टेटस पाहिलं. तोच स्कूटरचा फोटो, तेच निळं पाणी, खाली थायलंडची जाहिरात, 'क्राबी, दिवाळी स्पेशल, माणशी 3,999'. चलन या वेळीही लिहिलेलं नाही.